घरातील पाणी आणि मुलींची शाळा

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या मेळाव्यात पाण्याचा विषय कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. परीक्षांचे निकाल, शिष्यवृत्त्या, वसतिगृह, मुलींची गळती हे आपले नेहमीचे विषय. पण डहाणू-तलासरीच्या भागात मुलींच्या गळतीचा विचार करू लागले की माणूस शेवटी विहिरीवरच येऊन पोहोचतो. सबब हा विषय शाळेबाहेरचा नाही, असे मी समजतो.

‘पाण्याची बचत’ या विषयावर आपण प्रत्येकाने शाळेत निबंध लिहिलेला आहे. ‘पाणी म्हणजे जीवन’ अशी सुरुवात करायची, मध्ये गळक्या नळाचा उल्लेख करायचा आणि ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ लिहून वही बंद करायची. दहापैकी सात गुण मिळतात आणि वहीखालचा नळ तसाच गळत राहतो. तो निबंध मी पुन्हा वाचून दाखवणार नाही. मला हिशेब मांडायचा आहे, आणि तो हंड्यांत व तासांत मांडायचा आहे. लिटर हे माप कागदावरचे. हंडा डोक्यावर असतो, त्यामुळे त्याचा हिशेब विसरता येत नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. डहाणू आणि तलासरी हे दुष्काळी तालुके नव्हेत. आपल्याकडे वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सोलापूरकडे याच्या निम्माही पडत नाही. दोन हजार मिलिमीटर म्हणजे साडेसहा फूट. आपल्या अंगणात पडलेले पाणी कोठेही वाहून न जाता तेथेच साचले, तर उंचापुरा माणूस त्यात बुडेल. आणि तरीही होळी झाली की पाड्यापाड्यावर विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरण्याची वेळ येते, नदीच्या कोरड्या पात्रात खड्डे खणून पाणी झिरपण्याची वाट पाहत बायका बसतात. मे महिन्यात वर्तमानपत्रांत हे फोटो येतात. जून उजाडला की फोटो थांबतात आणि आपणही विसरतो.

असे का होते, हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. आपला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने कोरडे. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली आपली पट्टी अरुंद व उताराची असल्याने नद्या लांबीने लहान आहेत. डोंगरावर पडलेले पाणी बघता बघता खाडीला मिळते. जमिनीखाली काळा पाषाण. हा खडक स्पंजासारखा पाणी धरून ठेवत नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत, म्हणजे थोडेच. ते दिवाळीपर्यंत ओसंडून वाहते, संक्रांतीपर्यंत पुरते आणि मार्चपासून खाली जाऊ लागते. याचा अर्थ असा, की आपल्याकडे पाणी कमी नाही, पाणी साठवायला जागा कमी आहे. दुष्काळी भागातील बचतीचे सल्ले जसेच्या तसे उचलून येथे लावण्यात अर्थ नाही. ऑगस्टमध्ये आपण चार बादल्या वाचवल्या तर त्या कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत, समुद्राला मिळतात. मार्चमध्ये वाचवलेला एक हंडा मात्र खरोखर एक हंडाच असतो.

धरणे नाहीत काय? आहेत. तलासरीतील कुर्झे धरण दापचरीच्या दुग्धप्रकल्पासाठी बांधले गेले. सूर्या नदीवरचे धामणी धरण मुळात सिंचनासाठी झाले. आता सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेत दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी शहरांसाठी ठरलेले आहे, त्यात वसई-विरारला १८५ आणि मीरा-भाईंदरला २१८. शहरांनी पाणी पिऊ नये, असे कोण म्हणेल? आपलीच कितीतरी मुले नोकरीधंद्यासाठी विरारला आणि मीरा रोडला राहतात. पण एक आकडा डोळ्यांपुढे ठेवा. भुयारी गटारे असलेल्या शहरासाठी सरकारी मोजमाप आहे दर माणशी दररोज १३५ लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यासाठी धरलेले मोजमाप आहे ५५ लिटर. आपला हंडा साधारण १५ लिटरचा धरला, तर शहरातल्या माणसाला रोज नऊ हंडे आणि पाड्यावरच्या माणसाला पावणेचार. तेही नळाला पाणी आले तर. नळ आला म्हणजे पाणी आले असे नव्हे, हे आपल्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. उघड्या तोटीवर चिमण्या बसलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत.

आता तासांचा हिशेब. पाच माणसांचे घर घ्या. माणशी ५५ लिटर म्हणजे २७५ लिटर, सुमारे अठरा हंडे. डोक्यावर एका खेपेला एक हंडा आणि त्यावर एक कळशी येते, म्हणजे तेवीस-चोवीस लिटर. अठरा हंडे भरायला बारा खेपा लागतील. बारा खेपा कोणी घालत नाही, घालूच शकत नाही. म्हणून ज्या घरात पाणी डोक्यावरून येते ते घर निम्म्या पाण्यात भागवते. निम्म्यातही सहा खेपा झाल्या. जाणे, रांगेत उभे राहणे, भरणे आणि येणे मिळून खेपेला अर्धा तास धरला तर तीन तास. हे साधे गणित आहे, कोणा संस्थेची पाहणी नव्हे. आपल्या पाड्यापासून विहिरीचे अंतर घालून ते तुम्हीच पुन्हा करा. तलासरीच्या आतल्या भागात अर्ध्या तासाऐवजी एक तास धरावा लागेल.

हे तीन तास कोणाचे जातात? बापाचे नाही. तो वीटभट्टीवर किंवा वापी-उंबरगावच्या कारखान्यात. आईचे जातात, आणि आई मजुरीला गेली की थोरल्या मुलीचे जातात. आणि वेळ कोणती? मार्च आणि एप्रिल. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चला लागून, खालच्या वर्गांची वार्षिक परीक्षा एप्रिलला. विहीर आटण्याचा महिना आणि उजळणीचा महिना एकच. मुलगी सकाळची घंटा चुकवते, मग वर्गात झोपते, मग ‘हिचे डोके चालत नाही’ असे आपण म्हणतो. डोके उत्तम चालते, फक्त त्याच्यावर चुंबळ आहे.

ही गोष्ट प्रथम ओळखली ती आपल्याच तालुक्यात काम केलेल्या दोन बायकांनी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारल्यांची मुले शाळेत का येत नाहीत, याचे उत्तर त्यांनी ‘आईबाप अडाणी आहेत’ असे दिले नाही. मुले गुरे राखतात म्हणून येत नाहीत, तेव्हा शाळाच कुरणावर नेली आणि कुरणशाळा काढली. थोरली बहीण धाकट्याला सांभाळते म्हणून येत नाही, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. धाकटा पाळण्यात, मधला बालवाडीत, थोरली वर्गात. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली, हे आपल्या मुलांना सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचायला मिळते. पण त्यांच्या कामाचे मर्म एवढेच होते, की मुलीला शाळेत आणायचे असेल तर तिच्या अंगावरचे काम आधी उतरवले पाहिजे. गुरे झाली, भावंडे झाली. हंडा अजून उतरलेला नाही.

येथे डहाणू बाजारात, इराणी रोडला किंवा चिंचणी-घोलवडला राहणारे पालक म्हणतील, आमच्या घरी नळ आहे, बोअर आहे, वर टाकी आहे. आमच्या मुली हंडे वाहत नाहीत. आम्ही पाणी वाचवले तर तलासरीच्या मुलीची खेप कशी वाचणार? प्रश्न रास्त आहे. डहाणूत नळ बंद केला म्हणून तलासरीच्या पाड्यावर आपोआप हंडा भरत नाही. तसे खोटे समाधान मी आपणांस देणार नाही. परंतु आपल्या बोअरपासून दोनशे-तीनशे फुटांवर कोणाची तरी उघडी विहीर आहे. आपला पंप खोलवर ओढतो तेव्हा आधी तिचे पाणी उतरते. १९९३ सालच्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास बंदी केली होती, आणि पुढच्या २००९ च्या अधिनियमानेही पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांना संरक्षण दिले. कायदा करणाऱ्यांना हे माहीत होते, की जमिनीखाली कुंपण नसते.

किनाऱ्यावर तर गोष्ट याहूनही जवळची आहे. समुद्रालगतच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते वजनाने किंचित हलके. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी हॉलंड आणि जर्मनीतील दोन जाणत्यांनी याचे गणित मांडले. समुद्राच्या पातळीच्या वर गोडे पाणी एक फूट असेल तर त्याच्याखाली सुमारे चाळीस फूट गोड्या पाण्याचा थर असतो. उलट बाजूने पाहा: उपशाने वरची पातळी एक फूट उतरली की खालचे खारे पाणी चाळीस फूट वर सरकू पाहते. आपल्या खडकात फटींप्रमाणे हा आकडा बदलेल, पण दिशा बदलणार नाही. म्हणून किनाऱ्याजवळची विहीर ‘आटत’ नाही, ती खारी होते. साबणाला फेस येईनासा होतो, डाळ शिजता शिजत नाही, चहा फाटल्यासारखा लागतो. मग लोक बोअर आणखी खोल नेतात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या अधिक जवळ जातात. एकदा विहिरीत मीठ शिरले की ते निघायला कित्येक पावसाळे लागतात. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, याचा आपल्याला अभिमानही आहे आणि काहींना जाचही वाटतो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. बंदराबद्दल मते काहीही असोत, वस्ती वाढणार आणि उपसा वाढणार हे दिसतेच आहे. आपल्या परसातील गोडी विहीर टिकवणे मात्र कोणत्याही अधिसूचनेच्या नव्हे, आपल्याच पंपाच्या बटणावर आहे.

आता घरात शिरू. पाणी कोठे जाते?

स्वयंपाकघरात फारसे जात नाही, बायका हिशेबी असतात. माझ्या मते सर्वांत जास्त पाणी जाते ते वाहत्या नळाखाली. पूर्ण उघडा नळ मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सोडतो. वुजूचेच उदाहरण घ्या. आपण नळ उघडतो, बाह्या वर करतो, मध्ये कोणाशी बोलतो, आणि दोन मिनिटांत एक हंडा मोरीत जातो. पाच वेळचे पाच हंडे. पाड्यावरच्या माणसाच्या दिवसभराच्या वाट्यापेक्षा जास्त, आणि तेही केवळ हातपाय धुण्यात. हदीसच्या ग्रंथांत नोंद आहे की पैगंबर साहेब (स.) एका ‘मुद’ पाण्यात वुजू आणि एका ‘साअ’पासून पाच मुदपर्यंत पाण्यात गुसल करीत. मुद म्हणजे मध्यम माणसाची भरलेली ओंजळ, सुमारे पाऊण लिटरच्या आत. साअ म्हणजे चार मुद, तीन लिटरच्या आतबाहेर. इसराफ म्हणजे उधळपट्टी मना आहे, हे आपण लग्नाच्या खर्चाबद्दल ऐकवतो. पाण्याबद्दल ऐकवत नाही. आपल्या वाडवडिलांच्या घरी तोटीचा बधना असे, तो भरून घेतला की पुरत असे. बधना अडगळीत गेला, नळ आला, आणि मापच नाहीसे झाले. एकदा करून पाहा. नळाखाली बादली ठेवून नेहमीप्रमाणे वुजू करा आणि नंतर बादलीत पाहा. मुलांनी हा प्रयोग घरातल्या मोठ्यांवर करावा, मात्र अदबीने.

दुसरी गळती ‘शिळ्या’ पाण्याची. सकाळी नळाला पाणी आले की कालचे भरलेले पिंप, कळशी, माठ ओतून द्यायचे आणि ताजे भरायचे, अशी कित्येक घरांत रीत आहे. झाकून ठेवलेले स्वच्छ पाणी रात्रीत शिळे होत नाही. ते भाकरीसारखे नाही. डासांसाठी आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करावीत हे खरे, पण तेव्हाही ते पाणी लादी पुसायला, संडासात किंवा झाडांना जावे, गटारात नव्हे.

तिसरी गोष्ट नवी आहे. पाणी खारट लागते म्हणून अलीकडे घरोघरी आरओची यंत्रे आली. हे यंत्र साधारणपणे चार भाग पाण्यातले एक भाग गाळून देते आणि तीन भाग बारीक नळीने मोरीत सोडते. नळी बारीक असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. घरात रोज एक हंडा गाळलेले पाणी लागले, तर तीन हंडे मोरीत गेले. पाण्यातील क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तर या यंत्राची गरज नसते, साधे गाळणे व उकळणे पुरते. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही हीच मर्यादा सांगितली होती. तेव्हा यंत्र घेण्यापूर्वी पाणी तपासून घ्या. यंत्र घेतलेच असेल, आणि किनाऱ्यावर काहींना घ्यावेच लागते, तर ती नळी एका पिंपात सोडा. ते पाणी कपड्यांच्या पहिल्या धुण्याला, लादीला, संडासाला चालते. झाडांना मात्र घालू नका. गाळून निघालेला सगळा खार त्यातच असतो.

वरची टाकी भरून वाहणे, पाहुण्याला भरलेला पेला देऊन अर्धा फेकणे, लग्नात प्रत्येक खुर्चीखाली अर्धी प्यालेली बाटली, हे मी सांगायला नको. कपड्यांचे शेवटचे पाणी पुढच्या पहिल्या धुण्याला ठेवणे, न्हाणीचे पाणी केळीला व अळवाला सोडणे हे आपल्या आजी-नानींना कोणी शिकवावे लागले नव्हते. मशिदींच्या विश्वस्तांना मात्र एक विनंती आहे. वुजूखान्याचे पाणी फार मळलेले नसते आणि ते एकाच ठिकाणी जमा होते. ते गटाराला जोडण्याऐवजी आवारातल्या झाडांना किंवा वाळू-खडीच्या शोषखड्ड्याला सोडता येते. खर्च थोडा, उपयोग बारा महिने. शाळेच्या आवारातही हेच करता येईल.

परंतु वर म्हटल्याप्रमाणे आपल्या भागाचे खरे दुखणे साठवणीचे आहे, आणि म्हणून बचतीचा सर्वांत मोठा भाग छपरावर आहे. हिशेब पाहा. वीस बाय पंचवीस फुटांचे कौलारू घर म्हणजे पाचशे चौरस फूट, सुमारे ४६ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. दोन हजार मिलिमीटरला ९२ हजार लिटर. चौथा हिस्सा उडून-सांडून गेला असे धरले तरी जवळजवळ ७० हजार लिटर पाणी एका साध्या घराच्या पागोळ्यांवरून दर वर्षी ओघळून जाते. साडेचार हजारांवर हंडे!

सगळे साठवायचे म्हटले तर टाकी घराएवढी होईल. म्हणून लोक ऐकतात आणि सोडून देतात. सगळे साठवूच नका. फक्त पिण्याचे आणि स्वयंपाकाचे साठवा. त्याला पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन हंडे, म्हणजे तीस लिटर लागतात. मार्चच्या मध्यापासून मेअखेर पंचाहत्तर दिवस. तीस गुणिले पंचाहत्तर, २,२५० लिटर. अडीच हजार लिटरची एक झाकणबंद टाकी पुरते. ती सप्टेंबरच्या पावसात भरायची, कारण तोवर छप्पर धुऊन स्वच्छ झालेले असते. टाकीच्या तोंडाशी जाळी, आत उजेड अजिबात जाऊ द्यायचा नाही म्हणजे शेवाळ धरत नाही, आणि पिण्यापूर्वी पाणी उकळून घ्यायचे. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते पाणी पिण्याला नको, वापरायला ठेवा. अशी टाकी असलेल्या घरातील मुलीच्या रोजच्या सहा खेपांतील एक खेप पुरती आणि दुसरीचा काही भाग वाचतो, आणि तोही नेमका परीक्षेच्या दिवसांत. अर्धा-पाऊण तास. एवढ्या वेळात भूमितीचे एक प्रमेय पाठ होते.

हे काही परदेशी खूळ नाही. अहमदाबादच्या पोळांतील जुन्या घरांत, भरूच आणि खंभातकडे, अंगणाखाली चुन्याने बांधलेले टांके असत. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यायचे, मग नळकांडे टांक्याकडे वळवायचे आणि वर्षभर घरचे पिण्याचे पाणी त्यातून काढायचे. येथे बसलेल्या कित्येकांच्या घराण्यांचे मूळ आणि सोयरिकी त्याच मुलखात आहेत. तिकडे पाऊस आपल्याहून कितीतरी कमी, म्हणून त्यांनी टांके बांधले. आपल्याकडे पाऊस उदंड, म्हणून आपण बांधले नाहीत.

टाकी भरून उरलेले पाणी विहिरीत सोडा, पण थेट नव्हे. विहिरीशेजारी तीन-चार फुटांचा खड्डा घेऊन त्यात खाली मोठे दगड, मग खडी, वर वाळू घालावी आणि त्यातून गाळून आलेले पाणी पाइपाने विहिरीत न्यावे. किनाऱ्यावरच्या घरांना तर हे दुप्पट लाभाचे आहे. आत गेलेले प्रत्येक गोडे पाणी खाऱ्याला खाली दाबून ठेवते. विहीर सामाईक असेल तर शेजाऱ्यांनी वर्गणी काढावी. पंचवीस-तीस घरांत मिळून एका खड्ड्याचा खर्च तो किती!

आपल्या घरी कामाला येणाऱ्या बायका बहुधा पाड्यावरून येतात. त्या आपल्याकडे भांडी घासताना नळ बारीक सोडतात, हे आपण पाहिले आहे काय? त्यांना कोणी निबंध शिकवलेला नाही. दुपारी त्यांची मुलगी आपल्या विहिरीवर कळशी भरायला आली तर तिला भरू द्या. हीही घरगुती पाण्याचीच गोष्ट आहे.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी एक काम. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. त्याच चार महिन्यांत आठवी-नववीच्या मुलामुलींनी आपापल्या पाड्यावरची किंवा मोहल्ल्यातली एक विहीर मोजावी. लागते काय? एक दोर, त्याला दर फुटावर गाठ, टोकाला एक वजन आणि एक वही. विहिरीच्या काठावर एक खूण करून ठेवायची आणि प्रत्येक वेळी तेथूनच दोर सोडायचा. पाण्याला वजन टेकले की गाठी मोजायच्या. पहाटेच्या भरण्यानंतर लगेच मोजू नये, पाणी पुन्हा वर येऊ द्यावे, म्हणजे दुपारी तीन-चारचा सुमार ठीक. तारीख, गाठी आणि त्या दिवशी पाणी गोडे की मचूळ, एवढे तीन रकाने. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, तेव्हा ती मोजणी गावातच राहणाऱ्या मुलांकडे सोपवावी आणि जूनमध्ये वर्गशिक्षकांनी चारही आकडे शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावेत. एकट्याने विहिरीवर वाकू नये, बरोबर मोठे माणूस हवेच. आणि दोर नायलॉनचा घ्यावा, सुती दोर भिजला की त्याची लांबी बदलते आणि गाठींचा हिशेब चुकतो.